एनसीबीत जायचंय? आधी पंचनामा लिहायला शिका

"दादा, एनसीबीत कसं लागता येते? फिजिकल किती रायते तिथं?" दिवाळीत गावी गेलो की पांढरकवड्याकडची पोरं हे हमखास विचारतात. उंची किती लागते, छाती किती लागते, पिस्तूल भेटते का, हेही विचारून होतं. लिहावं किती लागतं, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी केळापूर तालुक्यातल्या कापूसवाल्या घरातला. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेतून केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात निरीक्षक झालो. पुढे प्रतिनियुक्तीवर नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोत, म्हणजे एनसीबीत, इंटेलिजन्स ऑफिसर म्हणून काम केलं आणि मुदत संपल्यावर मूळ खात्यात परत आलो. साक्षीची समन्सं अजून येतात. चालू खटल्यांबद्दल इथे काहीच लिहिणार नाही, आणि जुन्यांतलंही माणूस ओळखू येईल असं काही सांगणार नाही.

खातं काय आहे ते थोडक्यात. अमली पदार्थांचा मुख्य कायदा 1985 चा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. तो त्या वर्षी 14 नोव्हेंबरला लागू झाला. त्याच्या कलम 4 च्या आधारे 17 मार्च 1986 ला एनसीबी स्थापन झाली. गृह मंत्रालयाच्या हाताखालचं हे खातं, मुख्यालय दिल्लीत, आणि देशभर विभागीय कार्यालयं. राज्यांचे पोलीस, कस्टम्स, सीमेवरची दलं यांच्यात मेळ घालणं, परदेशी यंत्रणांशी माहितीची देवाणघेवाण करणं आणि राज्याराज्यांत पसरलेल्या टोळ्यांवर स्वतः कारवाई करणं, ही तिची कामं. मे 2023 मध्ये नौदलाच्या मदतीने समुद्रात सुमारे 2500 किलो मेथॅम्फेटामिन पकडलं गेलं, ते 'ऑपरेशन समुद्रगुप्त' तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. पोरांच्या डोक्यात एनसीबी म्हणजे तेच. पण अशी कारवाई अख्ख्या नोकरीत एखाद्याच्याच वाट्याला येते. बाकीच्यांच्या वाट्याला येतो गांजा, गोळ्या, फोनचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, आणि कोर्टाच्या तारखा.

आपल्या भागाचा या सगळ्याशी संबंध काय, असं वाटत असेल तर नकाशा उघडा. गांजाचं मोठं पीक निघतं ओडिशातल्या मलकानगिरी, कोरापुटच्या आणि आंध्रातल्या अल्लुरी सीताराम राजू जिल्ह्याच्या डोंगरांत. तिथून पश्चिमेला, उत्तरेला जायचं तर माल छत्तीसगडातून येतो नाही तर तेलंगणातून. रेल्वेने आला तर गोंदिया किंवा बल्लारशा लागतं, रस्त्याने आला तर राष्ट्रीय महामार्ग 53 किंवा 44. सगळे रस्ते शेवटी नागपुरात येऊन मिळतात. त्यात 5 जून 2025 पासून समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण सुरू झाला. शेतमालाला जसा तो सोयीचा, तसाच बाकी मालालाही. शिवाय तेलंगणाच्या सीमेवर वेगळंच प्रकरण आहे: ताडीत मिसळायच्या अल्प्राझोलम या गुंगी आणणाऱ्या औषधाचं. ज्याला वाटतं की ड्रग्ज म्हणजे मुंबई-गोव्याच्या पार्ट्या, त्याने आधी आपल्याच जिल्ह्याची पोलिसांची प्रेसनोट वाचावी.

आणि आता नुसता रस्ताही राहिला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालय) नागपुरात मेफेड्रोन, म्हणजे एमडी, बनवायचा अड्डा पकडला. डिसेंबर 2025 मध्ये वर्धा जिल्ह्यात कारंजा (घाडगे) भागात झाडाझुडपांत लपवलेला एमडीचा कारखाना सापडला, 128 किलो माल निघाला, किंमत 192 कोटींच्या आसपास सांगितली गेली. तेही काम डीआरआयचंच. शहरात वास आला तर शेजारी तक्रार करतो; वावरात कोण करणार? म्हणून असे धंदे आता खेड्याकडे सरकतात, असं माझं मत.

या बातम्यांतून दुसरी गोष्ट लक्षात घ्या. दोन्ही कारवाया एनसीबीच्या नव्हेत. या कामाला दरवाजे बरेच आहेत. डीआरआय अर्थ मंत्रालयाची, तिथे कस्टम्स-जीएसटीची माणसं जातात. ग्वाल्हेरची सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्स (सीबीएन) ही आणखी वेगळी. नीमच, मंदसौर, चित्तोडगडकडे अफूची परवान्यावर जी शेती होते तिच्यावर तिची देखरेख. पोरं सीबीएन आणि एनसीबीत नेहमी गल्लत करतात, आणि पसंतीक्रम भरताना ती महागात पडते. राज्याचं स्वतःचं अमली पदार्थ विरोधी कृती दल आहे. आणि विदर्भात रोजचा गांजा पकडतं कोण म्हणाल, तर जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा (एलसीबी), रेल्वेचं आरपीएफ आणि लोहमार्ग पोलीस. तुम्हाला काम आवडतं की नुसतं नाव आवडतं, हे आधी ठरवा. काम आवडत असेल तर पोलीस भरतीतून एलसीबीत गेलेला पोरगाही तेच काम करतो, कधी कधी आमच्यापेक्षा जास्त.

आता थेट एनसीबीत जायचे रस्ते. पहिला, पदवीवर सीजीएल. गेल्या काही वर्षांपासून त्यात एनसीबीचं सब-इन्स्पेक्टर किंवा ज्युनिअर इंटेलिजन्स ऑफिसर हे पद येतं. वयोमर्यादा 18 ते 30, वेतनस्तर 6, म्हणजे मूळ पगार 35,400 पासून. दुसरा, दहावीवर केंद्रीय दलांतल्या जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबलची भरती. 2022 पासूनच्या काही जाहिरातींत बीएसएफ, सीआरपीएफच्या जोडीला एनसीबीतले शिपाईही होते. या पदाचा वेतनस्तर 1, मूळ पगार 18,000. बाकी दलांच्या कॉन्स्टेबलला स्तर 3, म्हणजे 21,700. हा फरक जाहिरातीत बारीक अक्षरात असतो आणि पोरं 'एनसीबी' वाचून पहिली पसंती टाकून मोकळी होतात. जागाही मोजक्याच असतात आणि दरवर्षी असतीलच असं नाही. तिसरा रस्ता माझा: आधी कस्टम्स, जीएसटी, केंद्रीय दल किंवा राज्य पोलीस, आणि मग प्रतिनियुक्ती. वेळ लागतो, पण कायद्याची आणि चौकशीची सवय अंगात घेऊन माणूस तिथे पोचतो. एनसीबीत अशी माणसं पुष्कळ आहेत. कोणी आसामातून आलेला, कोणी केरळातून. एकमेकांशी बोलायची भाषा हिंदी, फाइलची भाषा इंग्रजी.

इथेच आपल्या पोरांचं घोडं पेंड खातं. विदर्भातल्या तालुक्याच्या अभ्यासिकेत जाऊन पाहा: पन्नास पोरं पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची, आणि सीजीएलचं कोपऱ्यात एखादं. कारण विचारलं की उत्तर एकच, "इंग्लिश हाय नं त्यात." आहे. सीजीएलचा पेपर हिंदी-इंग्रजीतच असतो. पहिल्या टप्प्यात 100 प्रश्न, 200 गुण, वेळ एक तास. चार विभागांपैकी एक पूर्ण इंग्रजीचा. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात. दुसऱ्या टप्प्यात गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी, सामान्य ज्ञान यांच्यासोबत संगणक आणि टायपिंगची चाचणी. जीडीची परीक्षा मात्र 2024 पासून मराठीतूनही देता येते, ही मोठीच सोय झाली. 80 प्रश्न, 160 गुण, एक तास.

इंग्रजीबद्दल माझा अनुभव सांगतो. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मग गावच्या हायस्कुलात मराठीतच शिकलो. व्याकरणाची पुस्तकं घोकून जे जमलं नाही ते रोज एका बातमीचा सारांश चार ओळीत इंग्रजीत लिहून जमलं. सुंदर इंग्रजी लागत नाही; काय घडलं, कुठे घडलं, कोणासमोर घडलं, हे सरळ वाक्यात सांगता आलं पाहिजे. पुढे नोकरीत नेमकं हेच लागतं, म्हणून हा सराव दोन्हीकडे कामी येतो. गणिताला मागच्या वर्षांचे पेपर पुरेत. नागपूरला खोली घेऊन, बापाची कपाशी विकून क्लास लावायची गरज सगळ्यांना नसते. मोबाइलवर टेस्ट सिरीज आहे, गावात अभ्यासिका आहे. लाइटचा भरवसा नसला तर पहाटेचं वेळापत्रक करा. केंद्र नागपूर किंवा अमरावती टाका आणि आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा. सकाळच्या एसटीच्या भरवशावर राहू नका.

मैदानाचं म्हणाल तर जीडीला पुरुषांना 24 मिनिटांत 5 किलोमीटर आणि मुलींना साडेआठ मिनिटांत 1.6 किलोमीटर धावायचं असतं. उंची 170 आणि 157 सेंटिमीटर. अनुसूचित जमातीच्या मुलांना 162.5 पर्यंत सवलत आहे. यवतमाळ-गडचिरोलीकडच्या कोलाम, गोंड पोरांनी उंचीपायी अर्जच भरायचा नाही असं करू नये, जाहिरातीतला सवलतींचा तक्ता पूर्ण वाचावा. सीजीएलमधल्या पदाचे शारीरिक निकष वेगळे असतात, तेही त्याच वर्षीच्या जाहिरातीत पाहायचे.

परीक्षेचं एवढं पुरे, त्यावर सांगणारे शंभर जण आहेत. कामाबद्दल सांगणारा कोणी भेटत नाही.

एक उदाहरण घेऊ. टिप येते: अमुक नंबरचा ट्रक, वर नारळ, खाली गांजा, रात्री हैदराबाद रोडने नागपूरकडे. सिनेमात इथून गाडी सुरू होते. आमच्याकडे आधी पेन चालू होतं. मिळालेली खबर लेखी नोंदवायची आणि तिची प्रत 72 तासांत वरिष्ठाला द्यायची, असं कलम 42 सांगतं. घरात, गोदामात शिरायचं असेल आणि सूर्य मावळलेला असेल, तर वॉरंटविना का शिरलो याची कारणंही लिहून ठेवायची. रस्त्यावरच्या गाडीला, सार्वजनिक ठिकाणाला कलम 43 लागतं. म्हणजे ट्रक ढाब्याच्या आवारात उभा आहे की डांबरी रस्त्यावर, यावरून कोर्टात अर्धा दिवस वाद होऊ शकतो. नवीन पोराला हे हास्यास्पद वाटतं. उलटतपासणीत एकदा उभा राहिला की वाटत नाही.

ट्रक थांबला. आता पंच शोधा. रात्री ढाब्यावर पंच कोण होणार? ढाबेवाला हात जोडतो, पंक्चरवाला शटर ओढतो. "साहेब, मले कोर्टाच्या लफड्यात नोका पाडू, माया कापूस वेचणीले आला." त्याचं चूक नाही, दहा वर्षांनी समन्स आलं की वेचणी सोडून त्यालाच जावं लागतं. म्हणून सरकारी नोकरदारांना पंच म्हणून बोलावण्याकडे कल असतो, आणि त्यात तलाठी, ग्रामसेवक आलेच. तुमच्या घरात कोणी या नोकरीत असेल तर पंचनामा म्हणजे काय हे त्यांच्याकडून आजच समजून घ्या.

मग झडती. ड्रायव्हरच्या अंगाची झडती घ्यायची तर कलम 50 प्रमाणे त्याला आधी सांगावं लागतं, की जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे. हे त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं आणि तसं लिहून घ्यायचं. तो तेलुगू बोलणारा असेल तर? आदिलाबादला लागून असलेल्या आपल्या गावांतल्या पोरांना इथे फायदा आहे. तेलुगू, गोंडी, छत्तीसगडी कानावर पडलेली असते. परीक्षेत त्याला गुण नाहीत, पण कामावर अशा माणसाला सगळे शोधत येतात. बाईची झडती बाईनेच घ्यायची, हा कायदा आहे. त्यामुळे पथकात महिला नसली की अख्खी कारवाई अडून बसते. मुलींनो, तुमची गरज या खात्यात कागदावर दिसते त्याहून जास्त आहे.

आता मोजमाप, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ती कायद्याच्या भाषेत अल्प मात्रा: एक वर्षापर्यंत कैद. 20 किलोच्या वर गेला की व्यावसायिक मात्रा: किमान 10 वर्षं सक्तमजुरी, 20 पर्यंत, आणि किमान एक लाख दंड. शिवाय कलम 37 मुळे जामीन जवळपास बंद. मधल्या मात्रेला 10 वर्षांपर्यंत. एमडीला याच रेषा 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅमवर आहेत. आता समजा पाकिटं भरली एकवीस किलो. प्रत्येक पाकिटाला खाकी टेपचे पाच-सहा थर, आत प्लास्टिक. टेप-प्लास्टिकचं वजन वजा केलं की आकडा वीसच्या खाली येऊ शकतो, आणि एका माणसाच्या आयुष्याची दहा वर्षं त्या टेपवर ठरतात. म्हणून एकूण वजन वेगळं, निव्वळ वजन वेगळं, प्रत्येक पाकिटाला क्रमांक, काटा कोणाचा, त्यावर वैधमापनचा शिक्का आहे का, हे सगळं लिहायचं. किराणा दुकानातून आणलेला काटा चालतो, पण तो कुठून आणला हे लिहिलं नसेल तर बचावाचा वकील तोच काटा तुमच्यासमोर ठेवतो.

त्यात ओलावा. कापूस सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नेला की आधी मॉइश्चर मीटर टोचतात, आठ टक्क्यांच्या वर गेलं की भाव कापतात, बाराच्या वर माल परत. हे आपल्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गांजाचंही तसंच आहे. ताजा माल जप्तीच्या रात्री एक वजन दाखवतो, मालखान्यात, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीत, महिनाभर पडला की दुसरं. कोर्टात वकील विचारतो, "साहेब, चार किलो कुठे गेला?" उत्तर पंचनाम्यात आधीच असलं पाहिजे: माल ओलसर होता, पाकिटं अशा स्थितीत होती. ज्याने बापासोबत जिनिंगच्या आवारात रात्र काढली आहे, काट्यावर नजर ठेवून, त्याला हे शिकवावं लागत नाही. माझे बरेच शहरातले सहकारी या एका गोष्टीत अडायचे.

वावरातली कारवाई याहून किचकट. तुरीच्या ओळीत किंवा पराटीच्या (कपाशीच्या) मधोमध गांजाची झाडं लावलेली असतात, बाहेरून दिसत नाहीत. पथक येतं, झाडं मुळासकट उपटतं, मातीसकट तोलतं आणि बातमी होते 'इतके क्विंटल गांजा जप्त'. पण कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत. लागवडीच्या गुन्ह्याला स्वतंत्र शिक्षा आहे, 10 वर्षांपर्यंत, त्यामुळे गुन्हा सुटत नाही. पण ताब्यातल्या गांजाचं वजन म्हणून मुळं-माती-देठ धरून आकडा फुगवला तर कोर्ट तो आकडा मानेलच असं नाही. पेपरातला आकडा आणि कोर्टातला आकडा यात तुम्ही कोणासाठी काम करता, हे नोकरीच्या पहिल्या वर्षातच ठरतं.

जप्तीनंतर नमुने. आता ते जागेवर काढून मोकळं होता येत नाही. कलम 52अ आणि 2022 चे नियम यांच्याप्रमाणे यादी करून, मॅजिस्ट्रेटसमोर, दोन-दोन नमुने: गांजाचा प्रत्येकी 24 ग्रॅम. सीलची नक्कल, फोटो, सही. जप्तीचा अहवाल 48 तासांत वरिष्ठाला. 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेमुळे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही आलं. ते चित्रीकरण बचाव पक्षही बघतो, हे ध्यानात ठेवून तोंड सांभाळायचं.

पूर्वी जबाबावर भिस्त असायची. कलम 67 खाली आरोपीचा जबाब घेतला, त्याने कबूल केलं, संपलं. 29 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तोफान सिंग खटल्यात सांगितलं, की असा जबाब कबुली म्हणून वापरता येणार नाही. तेव्हापासून खरा तपास करणं भाग पडलं: कॉल रेकॉर्ड, टोलची नोंद, फास्टॅग, बँकेचे व्यवहार, लॉजचं रजिस्टर. ज्याला एक्सेलमध्ये हजार ओळींचा डेटा चाळता येतो तो या खात्यात धावणाऱ्यापेक्षा जास्त चालतो. आणि बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांनो, एमडीच्या कारखान्यात कोणतं रसायन कशासाठी आणलंय हे ओळखणारा माणूस पथकात हवाच असतो.

कागद कच्चा राहिला की काय होतं याचं उदाहरण देशाने पाहिलं आहे. ऑक्टोबर 2021 चं मुंबईचं क्रूझ प्रकरण, एनसीबीच्याच छाप्याचं. टीव्हीवर महिनाभर गाजलं. मे 2022 मध्ये दोषारोपपत्र दाखल झालं तेव्हा सहा जणांची नावं पुरेशा पुराव्याअभावी त्यात नव्हती. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. पण नव्या माणसाने ती बातमी आणि ते दोषारोपपत्र दोन्ही शेजारी ठेवून वाचावं. झडती त्रास द्यायलाच घेतली, विनाकारण अटक केली, असं ठरलं तर अधिकाऱ्यालाच शिक्षा, हे कलम 58 मध्ये आहे. तेही वाचून ठेवा.

आता एक अवघड बाजू. पकडले कोण जातात? बहुतेक वेळा ड्रायव्हर, क्लीनर, पिशवी घेऊन जनरल डब्यात बसलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा. माल त्याचा नसतो, पैसा त्याचा नसतो. पिशवी नागपूरला पोचव, इतके हजार घे, एवढंच त्याला माहीत. तो आपल्याच वयाचा, आपल्याच भाषेतला निघतो तेव्हा नव्या अधिकाऱ्याला जड जातं. कायदा मात्र वजन पाहतो. तिथे दया दाखवायची जागा म्हणजे वजन कमी लिहिणं नव्हे. त्याच्या मागचा माणूस शोधणं. पैसा पुरवणारा, माल भरून देणारा, यांच्यासाठी 27अ आणि 29 ही कलमं आहेत, आणि तिथपर्यंत पोचणारा तपास फार कमी होतो. माझी या यंत्रणेबद्दलची खरी तक्रार हीच आहे.

नशा करणाऱ्याचं वेगळं. जो व्यसनी आहे आणि थोड्या मालासह सापडला, तो स्वतःहून उपचाराला तयार असेल तर कलम 64अ त्याला खटल्यातून संरक्षण देतं. गावात हे कोणालाच माहीत नसतं. घरचे पोरगं लपवतात आणि व्यसन वाढत जातं. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी 14446 हा क्रमांक आहे. तस्करीची माहिती द्यायची असेल तर एनसीबीची 'मानस' हेल्पलाइन, 1933, जुलै 2024 पासून सुरू आहे. नाव न सांगताही माहिती देता येते.

आणि गावातल्या कारभाऱ्यांनी ऐकावं असं: बेकायदा लागवड आपल्या जमिनीवर आहे हे माहीत असून जमीनवाल्याने कळवलं नाही तर कलम 46 लागतं, सरपंच, ग्रामपंचायतीचा पंच, गावचा इतर अधिकारी यांनी कळवलं नाही तर 47. पोलीस पाटलाला हे माहीत असतं, सरपंचाला क्वचितच. ठेक्याने वावर दिलं म्हणजे डोळे मिटून बसायचं नसतं. तसंच भाड्याने दिलेल्या पिकअपचं. मालकाला माहीत नव्हतं आणि त्याने पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यालाच दाखवावं लागतं, नाहीतर गाडी सरकारजमा होऊ शकते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अमली पदार्थांवरची जिल्हा समन्वय समिती असते. तिच्या बैठकीची बातमी आली की वाचत जा, आपल्या जिल्ह्यात नेमकं काय चाललंय ते तिथून कळतं.

नोकरीतल्या जगण्याबद्दल दोन शब्द. बदली देशात कुठेही. गावात लग्नाला जाल तर कोणीतरी दूरचा मामा कोपऱ्यात घेऊन म्हणेल, "भाचा, तो पोरगा आपलाच हाय, पाहजो जरा." पाहायचं नसतं, आणि नाही म्हणायचं तर पहिल्याच वेळी म्हणायचं, दुसऱ्यांदा नाही म्हणणं कठीण जातं. फोटो टाकायचे नाहीत, गणवेशाची हौस असेल तर दुसरं खातं बघा, कारण इथे बहुतेक काम साध्या कपड्यांत असतं. खबऱ्याचं नाव बायकोलाही सांगायचं नाही. पैसे दाखवणारे येतात, आणि ते गुंडासारखे दिसत नाहीत. चांगले इस्त्रीचे कपडे घालून, नमस्कार करून बसतात.

शेवटी अर्जाच्या वेळचं, कारण दरवर्षी आपली हुशार पोरं इथेच गळतात. ओबीसीचं नॉन-क्रिमीलेअर आपण तहसीलातून काढतो ते बऱ्याचदा राज्याच्या नमुन्यातलं असतं. स्टाफ सिलेक्शनला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. दोन्ही याद्या वेगळ्या आहेत. अर्ज करण्याआधी सेतूवाल्याला स्पष्ट सांगा, "सेंट्रलचं पाहिजे," आणि त्यावरची तारीख जाहिरातीत दिलेल्या मुदतीत बसते का ते पाहा. दहावीच्या मार्कशीटवर नाव आहे तसंच नोंदणीत टाका. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि मार्कशीटवर शेवटी, असं असेल तर आधार आधी दुरुस्त करून घ्या. कारण कागदपत्रं तपासणारा माणूसही तेच करतो जे तुम्हाला पुढे करायचं आहे: एक एक अक्षर ताडून पाहतो.